अफेक्ट की इफेक्ट, लेंड की बॉरो: सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी क्रियापदांची आणि नामांची निवड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावातील एका बेदाणा पेढीत तुम्ही पत्रव्यवहार पाहता. परराज्यातील खरेदीदारांना, कोल्ड स्टोरेजवाल्यांना आणि बँकेला इंग्रजीत लिहावे लागते. अफेक्ट आणि इफेक्ट, ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइझ, लेंड आणि बॉरो, राइझ आणि रेझ अशा जोड्यांचे तक्ते तुम्ही पाठ केले आहेत. तरीही ऐन पत्र लिहिताना हात थबकतो आणि नेमका चुकीचा शब्द कागदावर उतरतो. सोबत तुम्ही एका पत्राचा मसुदा पाठवला आहे. मी सांगलीत बरीच वर्षे इंग्रजी शिकवतो आणि व्यापारी पेढ्यांचे व सहकारी संस्थांचे इंग्रजी मसुदे तपासून देतो. तुमच्यासारखीच अडचण मी पदवीधरांपासून शाखाधिकाऱ्यांपर्यंत अनेकांच्या लिखाणात पाहिली आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

तक्ते पाठ करून हा गोंधळ मिटत नाही, कारण तक्ता अर्थ सांगतो आणि चूक बहुतेक वेळा अर्थात झालेलीच नसते. इफेक्ट म्हणजे परिणाम हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे आणि अफेक्टचा संबंधही परिणामाशीच आहे हेही ठाऊक आहे. लिहिताना अडते ते शब्द वाक्यात कोणत्या जागी बसतो आहे हे ठरवताना: तो तेथे नाम म्हणून उभा आहे की क्रियापद म्हणून, आणि क्रियापद असेल तर ती क्रिया कोण करतो आणि ती कोणावर घडते. ही जागा ओळखण्याची सवय लागली की निम्म्याहून अधिक जोड्या आपोआप सुटतात.

या अडचणीचे मूळ आपल्या मराठी वाक्यरचनेत आहे. आपण सल्ला देतो, चर्चा करतो, मागणी करतो, सराव करतो. एखाद्या गोष्टीचा परिणाम होतो. या प्रत्येक ठिकाणी आशय नामात असतो आणि देणे, करणे, होणे ही क्रियापदे केवळ त्याला चालवतात. इंग्रजीत मात्र हाच आशय पुष्कळदा एकट्या क्रियापदात सामावलेला असतो. मनात ‘सल्ला’ हे नाम असते, कागदावर मात्र क्रियापदाची जागा रिकामी असते, आणि त्या जागेत नाम जाऊन बसते. त्यामुळे पत्र लिहिताना मराठी शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द शोधण्याआधी त्या इंग्रजी वाक्यातील रिकामी जागा कसली आहे ते पाहावे.

आता तुमच्या मसुद्यातले पहिले वाक्य घेऊ. ‘ड्यू टु अनसीझनल रेन, द कलर ऑफ द गुड्स इज इफेक्टेड.’ तुम्हाला म्हणायचे आहे की शेडमध्ये रॅकवर माल वाळत असताना अवकाळी पाऊस आला आणि बेदाण्याच्या रंगावर परिणाम झाला. येथे ‘इज’ या शब्दानंतर क्रियापदाचे रूप हवे आहे, आणि ‘वर परिणाम होणे’ या अर्थाचे क्रियापद अफेक्ट हे आहे. म्हणून ‘द कलर हॅज बीन अफेक्टेड’ असे लिहावे. हीच गोष्ट नामाने सांगायची असेल, तर ‘द रेन हॅड ॲन इफेक्ट ऑन द कलर’ असे वाक्य होईल. दुसऱ्या वाक्यात इफेक्टच्या आधी ‘ॲन’ आहे आणि नंतर ‘ऑन’ आहे, या दोन्ही खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ज्या शब्दाच्या आधी ए, ॲन, द, इट्स, अवर, धिस, एनी यांपैकी काही आहे आणि दोघांच्या मध्ये फार तर एखादे विशेषण आहे, तो शब्द नामच असणार. ज्याच्या आधी विल, कॅन, मे, डिड नॉट किंवा क्रियापदाला जोडून येणारा ‘टू’ आहे, तो क्रियापदच असणार.

येथपर्यंत बहुतेक पुस्तके सांगतात आणि थांबतात. व्यापारी पत्रव्यवहार करणाऱ्याने मात्र पुढची पायरीही शिकली पाहिजे, कारण इफेक्ट हा शब्द क्रियापद म्हणूनही येतो आणि तेव्हा त्याचा अर्थ घडवून आणणे, पार पाडणे असा होतो. बँकेच्या पत्रात ‘पेमेंट वॉज इफेक्टेड ऑन मंडे’ असे असते, म्हणजे सोमवारी रक्कम चुकती झाली. तुमच्या मसुद्यात ‘वी विल अफेक्ट द पेमेंट ऑफ ट्रान्सपोर्ट बाय मंडे’ असे वाक्य आहे. त्याचा अर्थ, आम्ही सोमवारपर्यंत वाहतुकीच्या पेमेंटवर परिणाम घडवू, म्हणजे जवळजवळ त्यात अडथळा आणू, असा होतो. ट्रान्सपोर्टवाल्याने ते वाचून फोन केला तर त्याचा दोष नाही. एकाच अक्षराने आश्वासनाचा इशारा होतो, ते हे ठिकाण. अशा वेळी ‘मेक द पेमेंट’ किंवा नुसते ‘पे’ लिहिणे अधिक सोपे आणि सुरक्षित आहे, आणि माझा कल नेहमी तसे लिहिण्याकडेच असतो. परंतु समोरून आलेल्या पत्रातील इफेक्ट वाचता आला पाहिजे.

तिन्ही वापर एकत्र पाहायचे असतील तर आपल्या भागातले उदाहरण घ्या. 11 डिसेंबर 1967 रोजी कोयनेला भूकंप झाला. ‘द अर्थक्वेक अफेक्टेड द डॅम’ म्हणजे भूकंपाचा धरणावर परिणाम झाला, त्याला तडे गेले. ‘इंजिनिअर्स स्टडीड इट्स इफेक्ट ऑन द डॅम’ म्हणजे अभियंत्यांनी त्या परिणामाचा अभ्यास केला. ‘दे इफेक्टेड रिपेअर्स’ म्हणजे त्यांनी दुरुस्ती पार पाडली. अफेक्ट हे नाम म्हणून मानसशास्त्रात भावना या अर्थाने वापरतात आणि तेथे त्याच्या पहिल्या अक्षरावर आघात येतो. बेदाण्याच्या पेढीत त्याची गाठ पडणार नाही. ‘विथ इफेक्ट फ्रॉम 1 एप्रिल’, ‘कम इंटू इफेक्ट’, ‘टेक इफेक्ट’ हे ठरलेले शब्दप्रयोग आहेत आणि त्यांत नेहमी इफेक्टच येतो.

मघाच्या ‘ऑन’कडे पुन्हा वळतो, कारण ही खूण अनेक जोड्यांत कामी येते आणि शिकवणाऱ्यांकडून ती सहसा निसटते. इंग्रजीत पुष्कळशी क्रियापदे आपले कर्म थेट घेतात, परंतु त्यांच्याच नामरूपाला मध्ये एखादे शब्दयोगी लागते. ‘डिस्कस द रेट’ असे म्हणतात, पण ‘डिस्कशन ऑन द रेट’ किंवा ‘डिस्कशन अबाउट द रेट’. क्रियापद असेल तर ‘ऑर्डर फिफ्टी बॉक्सेस’ आणि नाम असेल तर ‘ॲन ऑर्डर फॉर फिफ्टी बॉक्सेस’. ‘दे डिमांडेड अ डिस्काउंट’, पण ‘देअर डिमांड फॉर अ डिस्काउंट’. ‘द सॅम्पल लॅक्स कलर’, पण ‘लॅक ऑफ कलर’. ‘एम्फसाइझ क्वालिटी’, पण ‘एम्फसिस ऑन क्वालिटी’. मराठीत ‘दराबद्दल चर्चा’ आणि ‘दराबद्दल चर्चा केली’ या दोन्ही ठिकाणी ‘बद्दल’ कायम राहतो, म्हणून आपण इंग्रजीतही तो क्रियापदामागे ठेवतो आणि ‘डिस्कस्ड अबाउट’, ‘ऑर्डर्ड फॉर’, ‘रिक्वेस्टेड फॉर’ लिहून मोकळे होतो. तुमच्या मसुद्यातील ‘वी रिक्वेस्टेड फॉर युवर ॲडव्हाइझ’ हे वाक्य याच प्रकारचे आहे. ते ‘वी रिक्वेस्टेड युवर ॲडव्हाइस’ असे हवे, किंवा नाम वापरायचे असेल तर ‘अवर रिक्वेस्ट फॉर युवर ॲडव्हाइस’. हा दोष आपल्या सरकारी आणि खासगी पत्रव्यवहारात इतका मुरला आहे की वाचणाऱ्याला तो खटकतही नाही; तरीही परदेशी खरेदीदाराच्या नजरेला तो लगेच दिसतो, म्हणून तो काढून टाकण्याचा आग्रह मी धरतो.

त्याच वाक्यात दुसरी चूक ॲडव्हाइझची आहे, आणि तिच्यामागे फार सुंदर नियम आहे. शाळेच्या व्याकरणात आपण कठोर आणि मृदू व्यंजने शिकलो आहोत. इंग्रजीतील अनेक जोड्यांत नामाच्या शेवटी कठोर ध्वनी असतो आणि क्रियापदाच्या शेवटी त्याचा मृदू जोडीदार. ॲडव्हाइस नाम, ॲडव्हाइझ क्रियापद. बिलीफ नाम, बिलीव्ह क्रियापद. प्रूफ आणि प्रूव्ह, रिलीफ आणि रिलीव्ह, ब्रेथ आणि ब्रीद, हाउस आणि हाउझ. यूस आणि यूझ या जोडीत तर स्पेलिंगही एकच आहे, फरक केवळ उच्चारात आहे. येथे झ लिहिला असला तरी तो ‘झाड’मधला झ नाही; ‘जोर’ आणि ‘बाजार’ या शब्दांत आपण जो ज उच्चारतो, त्याच्या जवळचा तो ध्वनी आहे. सावकाश, मोठ्याने उच्चारून पाहिल्यास नाम तुटक संपते आणि क्रियापद लांबत जाते, हे कानाला जाणवते.

हा योगायोग नाही. जुन्या इंग्रजीत क्रियापदांना शेवटी स्वर असलेले प्रत्यय लागत, आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला स, फ किंवा थ मृदू होत असे. नामाच्या शेवटी तसा स्वर नसल्याने तेथे तो कठोरच राहिला. पुढे क्रियापदांचे प्रत्यय झडले, मृदूपणा मात्र टिकला. ॲडव्हाइससारखे फ्रेंचमधून आलेले शब्दही नंतर त्याच रांगेत बसले. लूझ आणि लूस यांचा गोंधळही याच कसोटीवर सुटतो: हरवणे, गमावणे हे क्रियापद लूझ, मृदू आणि एका ‘ओ’चे, सैल हे विशेषण लूस, कठोर आणि दोन ‘ओ’चे, तोटा हे नाम लॉस, कठोर. ‘वी डू नॉट वॉन्ट टु लूझ धिस ऑर्डर’ यात दोन ‘ओ’ घातले, तर ऑर्डर सैल सोडण्याची भाषा होते.

मात्र या नियमाचा ताण फार वाढवू नये. प्रॅक्टिस हा शब्द नाम असो वा क्रियापद, उच्चारात कठोरच राहतो. ब्रिटिश पद्धतीत फरक केवळ लिहिण्यात आहे, नामाला ‘सी’ आणि क्रियापदाला ‘एस’. लायसन्सचेही तसेच. येथे ॲडव्हाइसची जोडी आधाराला घ्यावी: जेथे अर्थाने ॲडव्हाइस बसेल तेथे ‘सी’, जेथे ॲडव्हाइझ बसेल तेथे ‘एस’. आपल्या देशातील कायद्याची भाषा हीच पद्धत पाळते. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये ड्रायव्हिंग लायसन्स ‘सी’ने लिहिलेले आहे, कारण ते नाम आहे, आणि ते देणारी लायसन्सिंग ऑथॉरिटी ‘एस’ने लिहिलेली आहे, कारण तो शब्द क्रियापदापासून आला आहे. बाजार समितीच्या परवान्याचा इंग्रजी उल्लेख करताना तुम्हीही असेच लिहावे: परवाना ‘सी’ने आणि परवानाधारक या अर्थाचा लायसन्स्ड ‘एस’ने. अमेरिकन पद्धत वेगळी आहे. तेथे प्रॅक्टिस दोन्ही ठिकाणी ‘सी’ने आणि लायसन्स दोन्ही ठिकाणी ‘एस’ने लिहितात. तुमच्या संगणकाची भाषा अमेरिकन इंग्रजीवर ठेवलेली असेल, तर बरोबर लिहिलेल्या शब्दाखालीही लाल रेघ उमटू शकते आणि माणूस ती पाहून बरोबरचे चूक करून ठेवतो. सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजी (भारत) किंवा इंग्रजी (यूके) निवडावे.

ॲडव्हाइसबद्दल आणखी एक गोष्ट. सल्ला या अर्थाने हे नाम मोजता येत नाही, म्हणून ‘ॲन ॲडव्हाइस’ नाही आणि ‘ॲडव्हाइसेस’ही नाही, एकच सल्ला सांगायचा असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’. इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, मशिनरी हे शब्दही याच पंक्तीतले. परंतु बँकेकडून येणारा ‘रेमिटन्स ॲडव्हाइस’ किंवा ‘डेबिट ॲडव्हाइस’ हा सल्ला नसून सूचनापत्र आहे, कागद आहे, म्हणून तो मोजता येतो आणि त्याचे अनेकवचनही व्यवहारात दिसते. ‘प्लीज ॲडव्हाइझ द डेट ऑफ डिस्पॅच’ या वाक्यातील क्रियापदाचाही अर्थ सल्ला द्या असा नाही, कळवा असा आहे. हा वापर चुकीचा नाही, पण ‘लेट अस नो’ लिहिले तर पत्र अधिक मोकळे वाटते.

लेंड आणि बॉरो यांची कथा निराळी आहे. येथे नाम आणि क्रियापद असा प्रश्न नाही, दिशेचा आहे. मराठीत उसने देणे आणि उसने घेणे, कर्ज देणे आणि कर्ज घेणे यांत पहिला शब्द एकच असतो आणि दिशा दुसऱ्या शब्दातून कळते. इंग्रजीत दिशा क्रियापदाच्या पोटातच आहे: लेंड म्हणजे देणे, बॉरो म्हणजे घेणे. तुम्ही लिहिले आहे, ‘द बँक हॅज बॉरोड अस अगेन्स्ट द स्टॉक.’ मालतारणावर बँकेने तुम्हाला कर्ज दिले आहे, म्हणून वाक्य ‘द बँक हॅज लेंट अस मनी अगेन्स्ट द स्टॉक’ असे हवे. किंवा पेढीकडून सुरुवात करायची असेल, तर ‘वी हॅव बॉरोड मनी फ्रॉम द बँक’. बॉरोबरोबर ‘फ्रॉम’ येतो, लेंडबरोबर ‘टू’ येतो किंवा घेणारा माणूस थेट येतो. या दोहोंतील नाम लोन. लोन हे क्रियापद म्हणूनही चालते आणि अमेरिकेत ते विशेष रूढ आहे, पण औपचारिक पत्रात क्रियापदासाठी लेंड आणि नामासाठी लोन अशी वाटणी ठेवलेली बरी. भाड्याच्या व्यवहारात सावध राहावे. रेंट हे क्रियापद देणारा आणि घेणारा दोघेही वापरतात, म्हणून ‘वी हॅव रेंटेड द गोडाऊन’ एवढ्याने गोडाऊन कोणी घेतले आणि कोणी दिले हे कळत नाही. ‘टू’ किंवा ‘फ्रॉम’ लिहून ते स्पष्ट करावे. लेट हे मात्र मालकाचेच क्रियापद आहे.

आता राइझ आणि रेझ, ज्यांत मराठी माणसाने खरे तर चुकूच नये. आपल्याकडे पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे, बसणे आणि बसवणे, वाढणे आणि वाढवणे अशा जोड्या आहेत. पहिले अकर्मक, दुसरे सकर्मक. लहान मूलही ‘पेला पडला’ आणि ‘पेला पाडला’ यांतील फरक कधी चुकत नाही, कारण त्यावर ओरडा बसायचा की नाही हे ठरत असते. इंग्रजीतही अशा काही जोड्या जुन्या काळापासून उरल्या आहेत: राइझ म्हणजे वाढणे आणि रेझ म्हणजे वाढवणे, सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे बसवणे, फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे झाड पाडणे. सांगलीत हा फरक कृष्णेवरील कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या चर्चेत रोज दिसतो. ऑगस्ट 2019 मध्ये महापूर आला तेव्हा कृष्णेचे पाणी वाढले: ‘द वॉटर रोझ’. अलमट्टीची पाणीपातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करण्याचा कर्नाटकाचा प्रस्ताव आहे, तेथे कोणीतरी उंची वाढवणार आहे: ‘कर्नाटक प्रपोझेस टु रेझ द हाइट’. निवेदनांच्या इंग्रजी मसुद्यांत मी ‘राइझिंग द हाइट’ आणि ‘द वॉटर रेझ्ड’ असे दोन्ही पाहिले आहे, आणि दोन्ही चूक आहेत. राइझ, रोझ, रिझन ही त्याची रूपे. रेझ, रेझ्ड, रेझ्ड ही दुसऱ्याची. तुमच्या ‘द रेंट इज रेझिंग’ या वाक्यात भाडे आपले आपण वाढते आहे, म्हणून ‘द रेंट इज राइझिंग’; स्टोरेजवाल्याने ते वाढवले असे सांगायचे असेल, तर ‘दे हॅव रेझ्ड द रेंट’. नाम हवे असेल तर ‘अ राइझ इन द रेंट’. ‘अ रेझ’ हे नाम अमेरिकेत पगारवाढीसाठी वापरतात. प्रश्न उपस्थित होतो तेव्हा ‘द क्वेश्चन अराइझेस’ आणि आपण तो उपस्थित करतो तेव्हा ‘वी रेझ द क्वेश्चन’.

लाय आणि ले ही जोडी याच कुळातली असूनही सर्वांत अवघड आहे, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही तीत सर्रास चुकतात. लाय म्हणजे पडून असणे, ले म्हणजे ठेवणे, अंथरणे. अडचण अशी की लायचा भूतकाळही ले हाच आहे. लाय, ले, लेन ही पहिल्याची रूपे आणि ले, लेड, लेड ही दुसऱ्याची. द्राक्षे रॅकवर पसरली तर ‘द वर्कर्स लेड द ग्रेप्स ऑन द रॅक्स’, आणि ती तेथे पडून होती तर ‘द ग्रेप्स ले ऑन द रॅक्स’. तुमच्या ‘द बॅग्ज आर लेइंग इन कोल्ड स्टोरेज’ या वाक्यात पोती आपली पडून आहेत, म्हणून ‘लाइंग’ हवे. परंतु लाइंगचा दुसरा अर्थ खोटे बोलणे असाही होतो, आणि व्यापारी पत्रात त्याची गरजच नाही. ‘द बॅग्ज आर इन कोल्ड स्टोरेज’ एवढे पुरे. अवघड शब्द टाळून सरळ शब्द निवडणे हेही भाषेचे ज्ञानच आहे.

फाइंड आणि फाउंड यांबद्दल संस्थांचे परिचयपत्र लिहिणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो. फाइंड म्हणजे सापडणे, शोधणे, आणि त्याचा भूतकाळ फाउंड. स्थापन करणे हे फाउंड नावाचे वेगळे क्रियापद आहे आणि त्याचा भूतकाळ फाउंडेड. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, हे ‘वॉज फाउंडेड इन 1919’ असे लिहायचे. ‘वॉज फाउंड इन 1919’ असे लिहिले तर संस्था कोणाला तरी त्या वर्षी सापडली असा अर्थ होतो. पहिल्याचे नाम फाइंडिंग, दुसऱ्याचे फाउंडेशन.

मालाच्या विम्यासंबंधी तुम्ही शेवटी जे विचारले आहे, त्याचे उत्तर कर्म पाहून देता येते. इन्शुअर करायची ती वस्तू किंवा जीव, कारण त्याचा विमा उतरवायचा असतो. एन्शुअर करायची ती घटना: ‘प्लीज एन्शुअर दॅट द ट्रक इज कव्हर्ड’, म्हणजे ट्रकवर ताडपत्री आहे याची खात्री करा. ॲशुअर करायचे ते माणसाला, त्याला शब्द द्यायचा असतो: ‘वी ॲशुअर यू’. म्हणून ‘वी ॲशुअर दॅट द गुड्स विल रीच’ हे अपुरे आहे, मध्ये ‘यू’ हवा. इन्शुरन्स आणि ॲशुरन्स ही दोघांची नामे आहेत, एन्शुअरला मात्र नाम नाही. आयुर्विम्याच्या पॉलिसीवर ‘सम ॲशुअर्ड’ असते ती त्या व्यवसायाची जुनी परिभाषा आहे, तिच्यावरून आपल्या पत्रात ॲशुअर वापरू नये.

कर्म पाहण्याची हीच युक्ती रॉब आणि स्टील यांना लागू पडते: रॉब होतो तो माणूस किंवा ती बँक, स्टील होते ती रक्कम. डिनाय आणि रिफ्यूझ यांतही, काही करण्यास नकार देणे म्हणजे रिफ्यूझ आणि आपल्यावरील आरोप खरा नाही असे म्हणणे म्हणजे डिनाय. खरेदीदाराने माल उतरवून घेण्यास नकार दिला तर ‘ही रिफ्यूझ्ड टु अनलोड’. माल मिळालाच नाही असे तो म्हणाला तर ‘ही डिनाइड रिसीव्हिंग द गुड्स’. वादाच्या पत्रात या दोहोंची अदलाबदल झाली तर पुढे वकिलाला त्रास होतो.

शब्दकोश कोणता वापरावा, असेही तुम्ही विचारले आहे. इंग्रजी–मराठी कोश अर्थासाठी जरूर जवळ ठेवा, पण निवड करताना परभाषकांसाठी तयार केलेला इंग्रजी–इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी प्रकारचा कोश उघडा; असे कोश मोबाइलवर विनामूल्यही मिळतात. त्यात अर्थ वाचण्याआधी शब्दाशेजारची छोटी खूण वाचावी. नामाजवळ ‘सी’ असेल तर ते मोजता येणारे, ‘यू’ असेल तर न मोजता येणारे. क्रियापदाजवळ ‘टी’ असेल तर त्याला थेट कर्म हवे, ‘आय’ असेल तर नको. त्यानंतर उदाहरणवाक्ये पाहून शब्दामागून ऑन येतो, फॉर येतो की काहीच येत नाही ते टिपावे, आणि उच्चाराचे बटण दाबून शेवटचा ध्वनी कठोर आहे की मृदू ते ऐकावे. तुमचा मसुदा वर सांगितल्याप्रमाणे दुरुस्त करून पुन्हा पाठवलात, तर त्यातील काळाच्या रूपांविषयी, विशेषतः ‘हॅज’ आणि ‘वॉज’ यांच्या निवडीविषयी, स्वतंत्रपणे लिहीन. तो विषय येथे मावणारा नाही.